जस्त शाबूत, मशीन खलास

जुलै महिन्यात कुरवंड्याला स्वयंपाकघरातलं मीठ कोरडं ठेवणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. बरणीचं झाकण घट्ट लावा, आत तांदळाची पुरचुंडी टाका, चार दिवसांत मिठाला पाणी सुटतंच. गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी असंच ओलं मीठ चमच्यानं खरवडत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो रत्नागिरी तालुक्यात आमच्या खाडीकाठच्या गावी असतो. सलामदुआ झाली आणि लगेच म्हणाला, "आपा, मशीन गेलं."

मशीन म्हणजे होडीच्या पाठीला बाहेरून अडकवायचं छोटं इंजिन. घाटावरच्या वाचकांनी ते पाहिलं नसेल म्हणून सांगते. वर डोकं, त्यात सिलिंडर आणि कार्बोरेटर. खाली ॲल्युमिनियमचा लांब पाय, आणि पायाच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. भावाचं मशीन ९.९ अश्वशक्तीचं. तीन वर्षांपूर्वी भावजयीच्या पाटल्या मोडून घेतलेलं. घरात पाच माणसं, दोन पोरांच्या फिया, अम्मीची औषधं, सगळं त्या एका मशीनवर चालतं. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ते दोन महिने मशीन पडवीत ठेवलेलं होतं. १ ऑगस्टला होडी सोडायची म्हणून भावानं आवरण काढलं, तर पंख्याच्या वरच्या बाजूला पायाला करंगळी जाईल एवढं भोक! आजूबाजूला पांढरी भुकटी, नटबोल्ट जागचे हलेनात आणि खालच्या गिअरचं तेल चहात दूध घातल्यासारखं झालेलं.

त्याचं म्हणणं एकच: "समुद्रात असताना चांगलं चालत होतं. घरी ठेवल्यावर कसं गेलं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं, ते लिहावंसं वाटलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दालदी मुसलमानांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मिरकरवाड्यापासून साखरी नाट्यापर्यंत कितीतरी घरांत छोट्या होड्या आहेत आणि त्या होड्यांना अशीच मशीनं आहेत. हा मासिकाचा अंक त्यांतल्या काही घरांत तरी जातो.

आता समुद्रापासून इतक्या दूर, सहाशे मीटरच्या वर, कुरवंड्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात बोटीच्या इंजिनाची माहिती कोण देणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या गावाचं हेच वैशिष्ट्य आहे. नागफणीच्या कड्यावर उभं राहिलं तर खाली खोपोलीची बाजू आणि कोकणात उतरणारे डोंगर दिसतात, समुद्र काही दिसत नाही. तरी भारतीय नौदलाला जहाजांची इंजिनं चालवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं तयार करून देणारी संस्था, आय.एन.एस. शिवाजी, इथेच आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, इंग्रजांच्या अमलात, ती सुरू झाली. अख्ख्या नौदलाचे इंजिनियर डोंगरावर शिकतात आणि मग खाऱ्या पाण्यात जातात. त्यामुळे आमच्या आसपास नौदलातून निवृत्त झालेली माणसं राहतात. आमच्या गल्लीच्या टोकाला असेच एक चाचा आहेत. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं त्यांचं. कान थोडे कमी झालेत, म्हणून बोलतात मोठ्यानं.

भावानं मोबाइलवर पाठवलेले फोटो मी त्यांना दाखवले. भोक त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बोटानं फोटो मोठा केला, पंख्याच्या वर एक चपटी पट्टी असते तिच्या खाली पाहिलं आणि ओरडले, "हे जस्त इतकं चकचकीत कसं?"

मला वाटलं, चकचकीत आहे म्हणजे चांगलंच आहे. मी भावाला फोन लावून दिला. चाचांनी विचारलं, "बेटा, मशीनला रंग कधी दिलास?" भाऊ म्हणाला, मागच्या ईदच्या आधी. मशीन जुनाट दिसत होतं, बारीक बारीक ओरखडे पडले होते, म्हणून घासूनपुसून दोन हात ऑइलपेंट मारला. सगळीकडे. त्या पट्टीखालच्या तुकड्यालाही, कारण तोच सगळ्यात खराब दिसत होता. खडबडीत, खाल्ल्यासारखा. तो बदलून नवा घातला आणि नव्यालाही रंग दिला, टिकावा म्हणून.

"टिकला ना! जस्त शाबूत आहे, मशीन खलास," चाचा म्हणाले.

इथे थोडं शाळेत जावं लागेल. मी मुलांना हे शिकवते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही ते पुस्तकापुरतंच ठाऊक होतं. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकवून ठेवले की त्याचा विजेचा सेल तयार होतो. लिंबात तांब्याची तार आणि जस्ती खिळा खोचून वीज काढण्याचा प्रयोग आपल्या पोरांनी केलेला असतो, तेच हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे त्या पाण्यातून वीज सहज वाहते. या सेलमध्ये एक धातू सुरक्षित राहतो आणि दुसरा विरघळत जातो. कोण विरघळणार हे ठरलेलं आहे. जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्यात जस्त विरघळतं. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्यात ॲल्युमिनियम विरघळतं. मशीनचा पाय ॲल्युमिनियमचा आणि त्यातला दांडा, बोल्ट स्टीलचे. म्हणजे घरातच भांडण लावून दिल्यासारखं आहे. ते भांडण आपल्यावर घेण्यासाठी कंपनी पायाला जस्ताचा एक तुकडा लावून देते. पाणी त्या तुकड्याला खातं आणि पाय वाचतो. त्या तुकड्याला इंग्रजीत 'सॅक्रिफिशियल ॲनोड' म्हणतात. हे वर्गात सांगितलं तेव्हा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मिस, तो कुर्बानीचा तुकडा!" मला याहून चांगला शब्द सुचला नाही.

आपल्या घरात हे तत्त्व रोज वापरात आहे. जस्ती पत्र्याची बादली घ्या. तिला ओरखडा पडला, आतलं लोखंड उघडं पडलं, तरी ती लगेच गंजत नाही. आजूबाजूचं जस्त आधी झिजतं. नुसता रंग दिलेली लोखंडी बादली मात्र ओरखड्यापासूनच गंजायला लागते. रंग म्हणजे पडदा, जस्त म्हणजे पहारेकरी. भावानं पहारेकऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती. जस्ताला रंग दिला की पाण्याचा त्याला स्पर्श होत नाही. मग पाणी पुढच्या धातूकडे वळतं, आणि पुढचा धातू म्हणजे लाखाच्या पुढचं मशीन.

(जाता जाता भाषेची एक गंमत. मराठीत आपण गंज म्हणतो, उर्दूत ज़ंग. मुलं 'ज़े'च्या जागी 'जीम' लिहितात आणि लोखंडाला गंज चढण्याऐवजी लढाई सुरू होते. आणि आपला मराठी 'गंज' उर्दूत वाचला तर त्याचा अर्थ खजिना! भावाला हे सांगितलं, तो हसला नाही. त्या आठवड्यात हसण्यासारखं काही नव्हतं त्याच्याकडे.)

ही युक्ती आजची नाही. इंग्रजांच्या नौदलाची लाकडी जहाजं तळाला तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली असत आणि खाऱ्या पाण्यात तो पत्रा झिजत असे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं सुचवलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा. तांबं झिजायचं थांबलं. पण वेगळीच अडचण उभी राहिली. तांबं थोडंथोडं विरघळत होतं, तेच शिंपल्या-शेवाळाला विष होतं. ते बंद झाल्यावर जहाजांच्या तळाला इतकं शेवाळ आणि शिंपले चिकटले की जहाजं जड आणि मंद झाली. नौदलानं ते तुकडे काढून टाकले. डेव्हीचं विज्ञान बरोबर होतं, जागा चुकली होती. पुढे लोखंडी जहाजं आली आणि त्याचं जस्त सगळीकडे पोचलं. चाचा म्हणतात, इतक्या मोठ्या युद्धनौकांच्याही तळाला असे तुकडे लावलेले असतात आणि गोदीत आल्यावर सगळ्यात आधी तेच मोजले जातात.

तर जस्ताबाबत चाचांनी भावाला सांगितलं ते असं. तुकडा झिजलेला दिसला तर घाबरू नकोस, तो काम करतोय. निम्मा झिजला की बदल, पूर्ण संपायची वाट पाहू नकोस. महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहिला तर मात्र काळजी कर. एकतर त्यावर रंग आहे, नाहीतर त्याची पाठ मशीनच्या धातूला नीट टेकलेली नाही. टेकली आहे की नाही हे पाहायला मी माझी शाळेतली युक्ती सुचवली. एक सेल, एक छोटा बल्ब, दोन तारा. तारेचं एक टोक खरवडलेल्या जस्ताला, दुसरं पायाच्या उघड्या धातूला. बल्ब लागला तर जोड पक्का. नाही लागला तर तुकडा काढायचा, खालची जागा घासून लख्ख करायची आणि पुन्हा कसायचा. माझा भाचा सहावीत आहे, ही तपासणी आता त्याच्याकडे.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही, कारण जस्त फक्त पाण्यात बुडालेल्या भागाला वाचवतं. मशीनच्या डोक्याला, आतल्या नळ्यांना त्याचा उपयोग नाही. "घरी ठेवल्यावर कसं गेलं" याचं उरलेलं उत्तर माझ्या मिठाच्या बरणीत होतं.

हे मशीन थंड राहण्यासाठी बाहेरचंच पाणी आत ओढून घेतं. खाली पायात एक रबरी पंखा असतो, तो पाणी वर चढवतो. पाणी सिलिंडरभोवती फिरतं आणि बाहेर पडतं. त्यातली एक बारीक धार मशीनच्या मागून उडत असते. ती दिसली की मशीन "पाणी फेकतंय" म्हणायचं. किनाऱ्यावर येऊन मशीन बंद केलं की आत जे ओलं राहतं ते समुद्राचं पाणी. इंजिन गरम असतं, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर. चुलीवर खारं पाणी आटवल्यासारखं रोज चालू. हळूहळू नळ्या आतून बुजतात. शिवाय मीठ कोरडं राहत नाही, हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे आपल्याला वरून सुकलेलं दिसणारं मशीन आतून चोवीस तास खारट ओलं असतं. होडी समुद्रात असते दिवसाचे पाच-सहा तास. उरलेले अठरा तास मशीन किनाऱ्यावर उभं राहून खाल्लं जातं. आणि बंदीच्या पावसाळ्यात तर सलग एकसष्ट दिवस.

आधी इशारा मिळाला नव्हता असंही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खाडीच्या तोंडाशी मशीन तापून बंद पडलं होतं. ओहोटी लागलेली, होडीत भाऊ आणि त्याचा शेजारी. वल्ही मारून दोघं थकले. सुदैवानं दुसरी होडी परतत होती, तिनं दोर टाकून ओढून आणलं. त्या संध्याकाळी भावजय दारात उभी होती, मगरिबनंतरही. एका मेकॅनिकला दाखवलं. त्यानं धारेच्या भोकात तार घालून ढवळलं, आतून फरशी धुवायचं ॲसिड फिरवलं, धार सुरू झाली, पैसे घेतले. चाचांनी हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. जर्मनच्या भांड्यात सोडा घातला की ते काळं पडतं, ॲसिड घातलं की फसफसतं, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. मशीनही त्याच धातूचं आहे. ॲसिडनं क्षार जातात आणि त्यांच्याबरोबर धातूही जातो. फार साचलं असेल तर साधं पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून, थोडा वेळ, आणि नंतर भरपूर गोडं पाणी. धुण्याचा सोडा तर अजिबात नाही.

रोजचा इलाज इतका साधा आहे की तो इलाज वाटत नाही. परत आल्यावर मशीन गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं. नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही. आत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते, ती पाणी साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत तापल्यावर उघडते. मशीन चालू असेल आणि गरम असेल तरच गोडं पाणी आतल्या सगळ्या वाटा फिरून येतं. आणि मशीन कोरडं तर क्षणभरही चालवायचं नाही. तो रबरी पंखा पाण्यावाचून फिरला की काही सेकंदांतच जळायला लागतो.

बाहेरच्या देशांत लोक नळीला रबरी कप लावून मशीनच्या पायाला अडकवतात आणि नळ सोडतात. मला हे वाचताना गंमत वाटली. बोटीला अडकवायचं मशीन अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विकायला काढलं, ते मिलवॉकी शहरात. मिलवॉकी हे मिशिगन सरोवराच्या काठी, म्हणजे सगळं गोडं पाणी! खाऱ्या पाण्याची आणि गोड्या पाण्याच्या टंचाईची अशी दुहेरी अडचण त्यांच्या अंगणात नव्हती.

आमच्या गावात आहे. भावानं चाचांचा सल्ला घरात सांगितला तेव्हा भावजय उसळलीच. "मार्च ते मे मी दोन विहिरी फिरून हंडे आणते. एका विहिरीचं पाणी तर मचूळ होतं. प्यायचं पाणी इंजिनाला घालू?" तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पुरुषमंडळी इंजिनाचा विचार करतात तेव्हा पाणी कुठून येतं हा भाग बहुतेक वेळा हिशेबातच नसतो. तिनं मला फोन केला, म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना, आपा." मी सांगितलं नाही. मी पेन घेऊन हिशेब केला.

मोठं प्लॅस्टिकचं पिंप घ्यायचं, त्यात दीडशे लिटर पाणी. मशीन लाकडी घोड्यावर अडकवून पाय पिंपात बुडवायचा आणि चालवायचं. पाणी सांडत नाही, पिंपातलंच आत जातं आणि पिंपातच येतं. मशीनच्या आत-बाहेर मिळून रोज दोन लिटर समुद्राचं पाणी पिंपात उतरतं असं धरू. खरं तर इतकं उतरत नाही. म्हणजे रोज ७० ग्रॅम मीठ. सहा दिवसांत ४२० ग्रॅम. दीडशे लिटरमध्ये ४२० ग्रॅम म्हणजे लिटरला तीन ग्रॅमही नाही. समुद्रात ३५ असतात. सहाव्या दिवशीही पिंपातलं पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकंसुद्धा खारट नाही. म्हणजे रोज दीडशे लिटर नको, आठवड्याला दीडशे लिटर पुरे. शिवाय रोज शेवटी बाहेरून फिरवायला अर्धी बादली चांगलं पाणी, आणि पावसाळ्यानंतर विहिरी भरलेल्या असतात तेव्हा पिंप मध्येच एकदा बदललं तर आणखी चांगलं. भावजयीनं हिशेब दोनदा ऐकला. मग म्हणाली, "पिंप तेच भरतील. विहिरीवर तेच जातील." भाऊ जातो.

आमच्याकडे जुम्म्याला होडी बंद असते. पिंपाचं पाणी त्याच दिवशी बदललं जातं. जुन्या पाण्यावर तेलाचा तवंग आलेला असतो, तो विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब टाकायचा. पिंपाच्या बाबतीत दोनतीन गोष्टी जपायच्या. पंख्यावरच्या चपट्या पट्टीच्या वर चार बोटं तरी पाणी हवं. मशीन गिअरमध्ये टाकायचं नाही. पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, पंखा पंखाच असतो. आणि हे अंगणात उघड्यावर करायचं, पडवी बंद करून नाही. धूर विषारी असतो.

गोड्या पाण्यानं भागत नाही तिथे ग्रीस. पंख्याचा दांडा, मशीन वळवायची जागा, होडीला कसायचे स्क्रू यांना खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस लावायचं. झाकणाखाली, वायरी आणि कार्बोरेटरवर, पाण्याचा फवारा मारायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं, मग तेलाचा हलका हात. बोल्ट पडला तर दुकानात मिळेल तो लोखंडी किंवा पितळी बोल्ट ठोकून द्यायची आपल्याला सवय आहे. इथे ती महागात पडते, कारण प्रत्येक परका धातू म्हणजे एक नवा सेल. स्टेनलेसचाच बोल्ट घ्यायचा, पण ॲल्युमिनियममध्ये बसवताना आट्यांना ग्रीस लावून. नाहीतर दोन वर्षांनी तो तिथेच रुतून बसतो आणि डोकं तुटतं. होडीच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा अंश असलेला रंग मिळतो, तो मशीनच्या पायाला कधीही लावायचा नाही. आणि होडी नांगरलेली असेल तेव्हा पाय पाण्याबाहेर उचलून ठेवायचा.

बंदीच्या दोन महिन्यांबद्दल चाचा सगळ्यात जास्त बोलले. मशीनला त्याआधी शेवटची आंघोळ द्यायची. पिंपात चालू असतानाच पेट्रोलची नळी काढायची, म्हणजे कार्बोरेटरमधलं इंधन जळून संपतं. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिनचं तेल सोडायचं आणि दोरी हळूच चारपाच वेळा ओढायची. गिअरचं तेल बदलायचं, ऑगस्टमध्ये नाही, मे अखेरीसच. ते दुधाळ निघालं तर सील गेलं आहे आणि आत पाणी आहे. ते पाणी दोन महिने तिथेच ठेवलं तर गिअर गंजणार. भावाचं नेमकं हेच झालं होतं. मशीन उभं ठेवायचं, आडवं नाही, म्हणजे उरलंसुरलं पाणी खाली निथळतं. वर प्लॅस्टिक गुंडाळायचं नाही, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

एक गोष्ट मला खरीच वाटेना. मशीन समुद्रात पडलं आणि बाहेर काढलं, तर आपण काय करू? उन्हात वाळत घालू. गावात सगळे तेच करतात. चाचा म्हणाले, तेच सगळ्यात वाईट. पाण्याखाली प्राणवायू कमी असतो. वर काढून हवा लागली की खरा गंज तेव्हा सुरू होतो. बाहेर काढताच गोड्या पाण्यानं धुवायचं, प्लग काढून आतलं पाणी ओढून टाकायचं, तेल घालायचं आणि काही तासांतच चालू करायचं. तेवढ्यात मेकॅनिक मिळणार नसेल तर मशीन चक्क गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचं, तो येईपर्यंत. आमच्या शेजाऱ्याचं मशीन दोन वर्षांपूर्वी असंच उलटलं होतं. त्यानं ते चार दिवस कौलांवर वाळवलं. अजून परसात पडून आहे, कोंबड्या बसतात त्यावर.

भावाचं मशीन पूर्ण गेलं नाही, अल्हमदुलिल्लाह. वरचं डोकं वाचलं. पाय आणि गिअरचा भाग बदलावा लागला, जुन्या मशीनचा मिळाला. त्यासाठी भावजयीच्या कानातले गेले. ऑगस्टचे पहिले तीन आठवडे, जेव्हा मासळीला भाव असतो, होडी किनाऱ्यावरच होती. जस्ताचा तुकडा काही शेकड्यांत येतो.

मी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. खोपोली उतरून पेणमार्गे जाईपर्यंत अख्खा दिवस मोडतो. पोचले तेव्हा असर झाली होती आणि अंगणात पिंपात मशीन धडधडत होतं. मागून पाण्याची धार उडत होती. भावजय पायरीवर बसून मासे साफ करत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून भावाला सांगत होती, "अजून चार मिनिटं आहेत."

या मे महिन्यात तिनं मला फोटो पाठवला. त्यात मशीन नव्हतंच, तळहातावर नुसता जस्ताचा तुकडा होता. खडबडीत, कडा खाल्लेल्या, मधोमध खळगा. खाली लिहिलं होतं: निम्मा झालाय, बदलू का? मी लिहिलं, बदल, आणि जुना फेकू नकोस. शाळेत दाखवायला हवा आहे.